बिनतारी इंटरनेट : पूल कीं नाकें ?

डोंगराळ मुलखांत, जेथें तार सहजासहजीं पोहोंचत नाहीं, तेथें टेकडीवर मनोरा उभारून रेडिओलहरींच्या योगें घरोघर इंटरनेट पुरविणारे लहान व्यावसायिक असतात. जाळें उभारतांना त्यांस प्रारंभींच एक निवड करावी लागते. सर्व मनोरे व घरें ब्रिजनें, म्हणजे एका प्रकारच्या पुलानें, जोडून त्यांचें एकच आवार करावें, कीं मनोऱ्यामनोऱ्यावर राउटरचें नाकें बसवून जाळ्याचे भाग पाडावे? पहिला मार्ग स्वस्त व सोपा खरा. पण तो कोठपर्यंत चालतो, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रत्येक यंत्राला कारखान्यांतच ४८ बिटांचा एक क्रमांक मिळालेला असतो. कोणता क्रमांक कोणत्या बाजूस आहे, हें ब्रिज येणाऱ्या संदेशांवरून शिकून ठेवितो. ठाऊक नसलेल्या क्रमांकाचा संदेश मात्र तो सर्व दिशांस सोडतो. शिवाय शेजाऱ्याचा क्रमांक हवा असला, म्हणजे यंत्र सर्वांस उद्देशून हांक मारितें. वीस घरांच्या वस्तींत अशी दवंडी कोणास जड जात नाहीं. पांचशें घरें झालीं, म्हणजे प्रत्येकाची दवंडी प्रत्येक मनोऱ्यावरून पिटली जाते. वायफायमध्यें हें विशेष महाग पडतें. कारण सर्वांत दूरच्या घरासही ऐकूं जावी म्हणून ती मंद गतीनें पाठवावी लागते, आणि तेवढा वेळ त्या लहरीवरील इतरांनीं गप्प बसावयाचें!

याहून मोठें संकट चक्राचें. एक दुवा तुटला तर दुसरा असावा, म्हणून मनोरे वर्तुळाकार जोडले, तर दवंडी त्यांत फिरत राहते व तिच्या प्रती वाढत जाऊन कांहीं क्षणांत जाळें गुदमरतें. १९८५ सालीं रेडिया पर्लमन या विदुषीनें यावर युक्ति काढिली. तिनें जादा दुवा आपोआप बंद राहतो. पण पैसे देऊन घेतलेला रेडिओ मग अडचणीच्या दिवसापर्यंत निजून राहतो.

तिसरा दोष माणसाच्या चुकीचा. एखाद्या गृहस्थानें घरच्या राउटरची तार भलत्याच खांचेंत घातली, कीं तो राउटर साऱ्या आवाराला पत्ते वांटूं लागतो. शेजाऱ्यांचें इंटरनेट बंद पडतें, कोणा विद्यार्थ्याचा प्रवेशअर्ज शेवटच्या सायंकाळीं भरावयाचा राहतो, आणि व्यावसायिक बिचारा मनोऱ्यावर चढून दोष शोधीत बसतो!

राउटरची रीत टपालासारखी आहे. पिनकोडाचा पहिला अंक ४ दिसला, कीं पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश किंवा छत्तीसगड यांपैकीं कोठें तरी जावयाचें, हें कळतें. गल्लीचें नांव तेथवर पाहण्याचें कारण नसतें. तसाच राउटर पत्त्याचा आरंभ पाहून वाट ठरवितो, आणि दवंडी नाक्यापलीकडे जाऊं देत नाहीं. संदेशावर फार तर २५५ पर्यंतचा एक आंकडा असतो. दर नाक्यावर तो एकानें घटतो, व शून्य होतांच संदेश टाकून दिला जातो. त्यामुळें चुकून चक्र पडलें तरी संदेश अमर होत नाहीं. ओएसपीएफ नांवाच्या रीतीनें राउटर परस्परांस वाटा कळवितात. दुवा तुटला तर दुसरी वाट धरितात, आणि तोंवर दोन्ही दुवे कामास लावितां येतात. कातालोनियांत २००४ सालीं सुरू झालेलें गिफी-नेट हें लोकांचें जाळें ३०,००० हून अधिक ठिकाणीं पोहोंचलें. त्याचे मुख्य मनोरे राउटरांनींच जोडलेले आहेत.

ब्रिजचे पक्षपाती म्हणतील, ग्राहकांस परस्परांपासून अलग ठेवण्याची सोय यंत्रांत असतेच. असते, आणि ती वापरावीही. पण एक ठिकाण सुटलें, कीं दोष पुन्हा सर्वत्र. उलट राउटरला पत्त्यांची वांटणी व ती समजणारा माणूस लागतो, हेंही खोटें नव्हे. आमच्या मतें एका मनोऱ्याखालीं ब्रिज पुरे; दुसरा मनोरा उभा राहिला, कीं मध्यें राउटर हवा. मात्र पहिल्याच दिवशीं प्रत्येक भावी मनोऱ्यासाठीं पत्त्यांचा वेगळा गट कागदावर राखून ठेवावा. नाहींतर पुढें शेंकडों घरांतील यंत्रांचे पत्ते बदलीत हिंडावें लागतें.