संग्रहालय खाटेपर्यंत

मुखेडच्या दशरथेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पे आहेत. चालुक्यकाळातले हे काम नीट पाहायचे तर मंदिराला उभ्याने फेरी मारावी लागते, मान वर करावी लागते, जरा थांबून डोळे बारीक करावे लागतात. ज्यांचे गुडघे धरले आहेत किंवा डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, त्यांना गावातलेच हे देऊळ लांब पडते. मग तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाची गोष्टच सोडा. इटलीतल्या पाँपेईच्या अवशेषांत सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथे आहे. आणि मुंबईचे मोठे संग्रहालय? मुखेडला रेल्वे नाही. आधी नांदेड गाठायचे, पुढे अख्खी रात्र प्रवासात घालवायची. अर्धांगवायूतून उठलेल्या माणसाला हे कोण सुचवेल?

‘म्हातारपणी संग्रहालय बघून काय होणार’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण त्याचे उत्तर वैद्यकशास्त्र गेली काही वर्षे शोधते आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांवर १४ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. वर्षातून एकदा-दोनदा संग्रहालय, चित्रदालन, नाटक किंवा मैफलीला जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा १४ टक्के कमी दिसला. दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये तो ३१ टक्के कमी होता. हा अभ्यास २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. पैसा, शिक्षण, आजार यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरला.

तरी या आकड्यांवर उड्या मारण्यात अर्थ नाही. जो धडधाकट आहे तोच घराबाहेर पडतो, आणि तोच जास्त जगतो. हे पूर्णपणे वेगळे काढणे अशा निरीक्षणात्मक अभ्यासाला जमत नाही. शिवाय एक गोष्ट त्यातून सुटतेच. ज्याला जाताच येत नाही, त्याचे काय?

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक उत्तर चाकांवर आले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस सुरू केली. आत काचेची कपाटे, वस्तूंच्या प्रतिकृती, दृक्‌श्राव्य साधने आणि समजावून सांगणारी माणसे. सुरुवातीला हडप्पा संस्कृतीचे प्रदर्शन होते, पुढे विषय बदलत गेले. कल्पना देशाला नवी नाही. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्येच विज्ञानाची फिरती प्रदर्शने काढली होती. मात्र या गाड्यांचा मुख्य रोख शाळांवर राहिला. पोरे धावत चढतात. खाटेला खिळलेल्या आजीपर्यंत बस पोचली, तरी बसच्या पायऱ्या आणि तिची खाट यांच्यामधले अंतर उरतेच.

ते अंतर लंडनमध्ये काही जणांनी पार करून पाहिले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या हेलन चॅटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयातल्या वस्तू थेट रुग्णालयातल्या खाटेजवळ नेल्या. रुग्णांनी त्या हातात घेतल्या, त्यांच्याविषयी बोलले. साधारण अर्धा-पाऊण तासाचा कार्यक्रम. आधी आणि नंतर मनःस्थिती मोजली, तेव्हा ती सुधारलेली आढळली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फक्त छायाचित्रे पाहणाऱ्यांपेक्षा वस्तू हाताळणाऱ्यांमध्ये सुधारणा जास्त होती. परिणाम किती दिवस टिकतो, हे त्यातून कळत नाही. दुखणे बरे होते असा तर कुणाचा दावाच नाही.

हाताळण्याने असे काय होते? भाकरी थापणारीला हे सांगायला नको. पीठ किती सैल झाले हे तिचे डोळे नव्हे, बोटे ओळखतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्टा क्लॅट्स्की आणि सुसान लेडरमन यांनी १९८० च्या दशकात डोळे बांधलेल्या लोकांच्या हाती नेहमीच्या वापरातल्या शंभर वस्तू एकेक करून दिल्या. जवळजवळ सगळ्या अचूक ओळखल्या गेल्या, बहुतेक तर काही सेकंदांतच. हात त्यासाठी ठरावीक हालचाली करतो. खरखरीतपणासाठी घासून पाहतो, कठीणपणासाठी दाबतो, वजनासाठी तोलतो, आकारासाठी कवेत घेतो. जन्मापासून किंवा लहानपणापासून अंध असलेल्यांनी ब्रेल वाचताना मेंदूचा एरवी दृष्टीसाठी राबणारा भागही कामाला लागतो, हे १९९६ मध्ये दिसून आले. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन काढले, त्यात प्रतिकृतींवर हात फिरवण्याची मुभा आहे. ‘कृपया हात लावू नये’ ही पाटी वाचत मोठे झालेल्यांना जरा नवलच!

दुसरे कारण आठवणींचे. दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत ठळक राहतात, असे अभ्यास सांगतात. आज ऐंशीच्या घरात असलेल्या मुखेडच्या बाईच्या त्या वयात पहाटेचे जाते आहे, कंदील आहे, अडकित्ता आणि पानाची चंची आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जुन्या वस्तू वापरून गप्पा मारण्याची पद्धत जगभर चालते. तिच्या फायद्याचा २०१८ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा तो छोटा आणि सगळीकडे सारखा नसलेला निघाला. पण या उपायाला खर्च नाही आणि तो अंगावर उलटत नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून तालुक्याच्या गावी मुंबईच्या बसची वाट पाहत बसायचे कारण नाही. दशरथेश्वराच्या एखाद्या सुरसुंदरीची मातीची किंवा प्लास्टरची प्रत, घरातले एखादे जुने भांडे, घोंगडीचा तुकडा इतके पुरे. खरी पुराणवस्तू मात्र उचलून आणू नये. १९७२ चा पुरावस्तू कायदा त्यासाठीच आहे. शाळेतली मुले, आशाताई किंवा वाचनालयाचे कार्यकर्ते अशी पिशवी घेऊन घरोघर जाऊ शकतात.

पथ्ये थोडीच आहेत. वस्तू जड, धारदार किंवा तोंडात जाईल इतकी लहान नसावी. देण्याआधी आणि नंतर हात धुवावेत, वस्तूही पुसून घ्यावी. अंगावर जखम असलेल्यांच्या बाबतीत तर नक्कीच. स्मृतिभ्रंश असेल तर ‘आजी, हे काय आहे सांग बरं’ अशी परीक्षा घेऊ नये, उत्तर आठवले नाही की माणूस खजील होतो. त्यापेक्षा ‘हे तुमच्याकडे कोण वापरायचं?’ असे विचारावे आणि गप्प बसावे. उत्तर यायला वेळ लागतो. एकेका वेळी दोन-तीनच वस्तू द्याव्यात. एखाद्या वस्तूने रडू आले तर ती घाईने काढून घेऊ नये, शेजारी बसावे. नको म्हणाले तर पिशवी बंद करावी.