रानपिंगळ्याचा पत्ता

सातपुड्यात मुक्कामाला जायचे म्हटले की जळगाव-धुळ्याकडची माणसे ठरावीक नावे घेतात : पाल, मनुदेवी, उनपदेव, फार तर तोरणमाळ. मनुदेवीला पावसाळ्यात धबधब्यासाठी जायचे, उनपदेवला गरम पाण्याच्या झऱ्यासाठी, आणि पालला थंड हवेचे ठिकाण म्हणून. मीही वर्षानुवर्षे असाच जात होतो. पुढे मात्र या वाटा मी एका वीतभर पक्ष्यासाठी तुडवल्या. त्याचे नाव रानपिंगळा. शंभराहून अधिक वर्षे जगाच्या लेखी हा पक्षी जवळजवळ संपलेला होता, आणि तो पुन्हा सापडला तो आपल्या खानदेशात. तो हरवला कसा, सापडला कसा आणि आता टिकेल कशावर, हे समजून घ्यायचे तर आधी हा डोंगर समजून घ्यावा लागतो.

रावेर किंवा यावलहून उत्तरेकडे निघालो की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. डोळ्यांना गारवा देणारे हे हिरवेपण पाहून कुणालाही वाटेल, हा पाणथळ मुलूख असणार. प्रत्यक्षात इथे वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. मग केळीला पाणी कुठून येते? त्याचे उत्तर डोंगराच्या पायथ्याशी आहे. नर्मदा आणि तापी या दोन नद्या जमिनीच्या मोठ्या भेगांच्या खोलगटातून वाहतात आणि त्यांच्यामध्ये सातपुडा उभा आहे. डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यानाल्यांनी हजारो वर्षे दगडगोटे, वाळू आणून पायथ्याशी पसरली. या पट्ट्याला भूवैज्ञानिक बझाडा म्हणतात. वाहता नाला या गोट्यांत शिरला की पुढे कोरडाच पडतो, कारण पाणी खाली मुरते आणि सपाटीवरच्या विहिरींकडे सरकते. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीचे मूळ असे डोंगराच्या पोटात आहे. वर जंगल असेल तर पाऊस थबकतो, मुरतो. उघडा डोंगर असेल तर तेच पाणी माती घेऊन तासाभरात तापीला मिळते.

हे जंगल कोकणातल्यासारखे गर्द नाही. साग, सालई, धावडा, टेंभुर्णी, मोह आणि खानदेशाचा खास म्हणावा असा अंजन अशी ही पानझडी झाडी. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागतात, होळीपर्यंत सागाच्या काड्या उरतात आणि पळस पेटतो. ज्यांना हिरवळ हवी त्यांना हे रान उजाड वाटते. रानपिंगळ्याला मात्र हेच हवे असते : मोकळे, कोरडे जंगल, उंदीर-सरडे टिपायला उघडी जमीन, बसायला निष्पर्ण फांदी आणि अंडी घालायला जुन्या झाडाची ढोली.

आता हरवण्याची गोष्ट. ब्लेविट या इंग्रज गृहस्थांनी १८७२ साली आजच्या छत्तीसगडात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ब्लेविटचेच नाव दिले. हे तेच ह्यूम, जे पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत झाले. नंतर खानदेशात नोकरीला असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोद्याच्या बाजूला आणखी काही नमुने गोळा केले. त्यांतला शेवटचा १८८४ चा. त्यानंतर शांतता. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात मृत पक्षी, आणि जिवंत एकही कुणी पाहिलेला नाही.

या शांततेत एकच अपवाद होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपल्या संग्रहातल्या नमुन्यावर लिहून ठेवले होते : १९१४, मांडवी. मांडवी म्हणजे गुजरातेतली, तापीकाठचीच. पक्षी हयात असल्याचा हा सगळ्यांत अलीकडचा पुरावा, म्हणून नंतरच्या शोधकांनी त्याच्यावर भिस्त ठेवली. हाती काही लागले नाही. लागणारही नव्हते, कारण ती चिठ्ठी खोटी होती. अमेरिकेतल्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो उसवून पुन्हा भरलेला आणि शिवलेला आढळला. त्याच्या मूळ बांधणीत डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या. म्हणजे खानदेशात मिळालेला पक्षी संग्रहालयातून चोरून, नवी तारीख आणि नवे गाव लावून कर्नलसाहेबांनी आपल्या नावावर केला होता.

मांडवी बाद झाल्यावर उरले जुने, खरे पत्ते. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात त्या पत्त्यांवर निघाले. पूर्वेकडच्या ठिकाणी निराशा झाली. मग ते खानदेशात आले, आणि २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी एका उघड्या फांदीवर त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, म्हणजे त्या सकाळी ते रान धुळे जिल्ह्यातच होते. पुढच्या वर्षांत तोरणमाळ, यावल आणि मेळघाटातही हा पक्षी आढळला.

'पुन्हा शोध' हा शब्द मला जरा खटकतो. ज्या रानात पावरा, भिल्ल, तडवी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथे दिवसाढवळ्या फांदीवर बसणारा पक्षी कुणालाच दिसला नसेल, हे पटत नाही. पक्षी रानातून हरवला नव्हता, तो कागदावरून हरवला होता. खऱ्या नोंदी जुन्या म्हणून मागे पडल्या आणि खोटी नोंद नवी म्हणून पुढे आली.

कागदाची ही चूक किती सहज होते, ते मला पालच्या एका मुक्कामात उमगले. संध्याकाळी ओढ्याकाठी फिरताना मोहाच्या झाडावर एक छोटे घुबड दिसले. अजून उजेड होता. दिवसा दिसले म्हणजे रानपिंगळाच, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि वहीत तारीख, वेळ, जागा लिहूनही मोकळा झालो. रात्री जेवताना मोठ्या कौतुकाने सोबतच्या वनमजुराला सांगितले. त्याने भाकरी मोडता मोडता विचारले, "भाऊ, डोक्यावर ठिपके होते का?"

मी आठवू लागलो. ठिपके होते. भरपूर होते.

"मग तो आपला गावातला पिंगळा," तो म्हणाला आणि जेवू लागला.

पहाटे कुडमुडे वाजवत दारी येणारा पिंगळा जोशी ज्याची भाषा जाणतो म्हणतात, तो हा गावपिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात आणि तो वस्तीजवळच्या झाडांत, पडक्या भिंतींत राहतो. तोही दिवेलागणीपूर्वी बाहेर पडतोच. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी, छातीवर गडद पट्टा, पोट पांढरे, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी मढलेले. भर उन्हात तो झाडाच्या शेंड्याकडे बसतो आणि शेपूट डावी-उजवीकडे झटकतो. हे सारे मी पुस्तकात वाचले होते. पण पाहताना डोळ्यांनी इच्छेची साक्ष काढली. वहीतली ओळ मी त्याच रात्री खोडली. कर्नलने लबाडी केली, मी उतावीळपणा. पण ती ओळ कुठे छापली गेली असती तर पुढच्या माणसाची दिशाभूल तेवढीच झाली असती.

खरा रानपिंगळा मला नंतरच्या फेरीत दिसला, यावलच्या अभयारण्यात, सकाळी दहाच्या सुमारास. जागा इथे सांगत नाही. ढोलीपाशी गर्दी झाली, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला गेला, तर तो पिल्ले सोडून शत्रू हाकलण्यात दिवस घालवतो.

२०१८ साली जागतिक यादीत या पक्ष्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' झाला, कारण तो आणखी ठिकाणी सापडला. याचा अर्थ रान वाढले असा मात्र नाही. १९६९ साली जाहीर झालेल्या यावल अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. त्यातही उतारावरची झाडी तुटून शेते झालेली दिसतात. यात लाकूडचोर आहेत, तशी पिढ्यांपासून राहणारी आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्यांचा हक्क मान्य केला ती कुटुंबेही आहेत. दोघांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. पण ढोली पडायला झाड म्हातारे व्हावे लागते, आणि नवे रोप लावून ती पुढच्या वर्षी मिळत नाही. हे तोडणाऱ्याला, लावणाऱ्याला आणि नियम करणाऱ्याला सारखेच लागू आहे.

सातपुड्यात जायचे तर दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. वनविभागाच्या विश्रामगृहाची आधी नोंदणी करावी, अभयारण्यात परवानगीनेच शिरावे आणि वाळल्या सागपानांजवळ शेकोटी पेटवू नये. वही सोबत असावी, आणि ओळ खोडायची तयारीही. परतताना बझाड्याच्या गोट्यांत एखादा नाला गडप होताना दिसला, तर क्षणभर थांबावे. ते पाणी खाली केळीच्या बागेत निघणार आहे, आणि त्याची वाट वर, जुन्या ढोलीच्या झाडापासून सुरू झाली आहे. रानपिंगळ्याचा पत्ता विचारला तर मी आता एवढेच सांगतो.