साप पाळताना (भाग ७) : ऊब नव्हे, गारवा

या आठवड्यात सापाच्या खाण्याबद्दल लिहायचं ठरलं होतं. उंदीर आठवडाभर थांबतील. मध्येच नवापूरहून एक प्रश्न आला आहे आणि तो मे महिन्याच्या आत सुटायला हवा. प्रश्न असा की, बॉल पायथनच्या पेटीत किती वॅटची हीट मॅट लावावी? प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारला गेला आहे, पण त्यात विचारणाऱ्याचा दोष नाही. सर्पपालनावरचं बहुतेक लिखाण थंड देशांतलं आहे. तिथल्या घरातली खोली विशीच्या घरात असते आणि उष्ण प्रदेशातला साप तिथे गारठतो. म्हणून ती पुस्तकं पहिल्या पानापासून दिवे, मॅट आणि हीटर यांच्याबद्दलच बोलतात. नवापुरात थंडीचे थोडे आठवडे सोडले तर ऊब फुकट मिळते, पैसे पडतात ते गारव्याला. तेव्हा खानदेशात पहिल्यांदा साप पाळणाऱ्यानं आपला खर्च आणि आपली काळजी आधी गारव्यावर लावावी, एवढंच या भागाचं म्हणणं आहे.

सापाला घाम येत नाही आणि कुत्र्यासारख्या धापा टाकून तो अंगातली उष्णता फारशी बाहेर टाकू शकत नाही. त्याच्याकडे उपाय एकच : सरकणं. ऊब हवी असेल तर उन्हाकडे, नको असेल तर सावलीकडे. म्हणून पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं थंड असावं लागतं. बॉल पायथनसाठी ३१-३२ अंश आणि २५ ते २७ अंश अशी ही दोन टोकं धरतात. थंडीनं साप सुस्तावतो, खाल्लेलं ओकतो, त्याच्या छातीत कफ होतो. हे गंभीर आहे, पण त्याला दिवस लागतात आणि तेवढ्यात चूक सुधारता येते. उष्णतेचं तसं नाही. शरीराचं तापमान चाळिशीकडे गेलं की बहुतेक सापांच्या मज्जासंस्थेवर आघात होतो आणि बंद पेटीत त्याला एक दुपार पुरते. दोन धोक्यांपैकी एक सावकाश येणारा आणि एक झटपट मारणारा असेल, तर तयारी कोणत्या धोक्याची आधी करायची हे वेगळं सांगायला नको. मॅट लावूच नये असं नाही. लावली तर थर्मोस्टॅटशिवाय लावू नये, कारण पोटाखालचा चटका सापाला वेळेवर उमगत नाही आणि तो भाजेपर्यंत तिथेच पडून राहतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : बॉल पायथन घाना, टोगो, बेनिन अशा पश्चिम आफ्रिकेतल्या उष्ण मुलखातला, त्याला खानदेशच्या उन्हाचं काय? याच आक्षेपाचं घरचं रूप म्हणजे आपली धामण. बांधावर ४२ अंश असताना ती जगतेच ना? जगते, पण ४२ अंशांत जगत नाही. भर दुपारी ती बिळात, मुळांच्या पोकळीत किंवा दगडांच्या रचाईत असते. बॉल पायथनही उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढतो आणि रात्री बाहेर पडतो. जमिनीखाली हातभर खोलीवर दुपारची झळ पोहोचत नाही. आपण हवामान खात्याचा आकडा वाचतो आणि साप तो सोसतो असं समजतो. प्रत्यक्षात साप त्या आकड्यापासून पळालेला असतो. पेटीत ठेवला की आपण त्याची पळवाट काढून घेतो, म्हणून ती पुन्हा बांधून देणं आपल्यावर येतं. मग धामणच का पाळू नये, असंही कुणी विचारील. त्याचं उत्तर दुसऱ्या भागात आलं आहे : धामण आणि नाग वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि कायदा केंद्राचा असल्यामुळे नवापूर रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग गुजरातेत असला तरी पलीकडच्या उच्छलकडे नियम बदलत नाही. बॉल पायथनही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केल्याशिवाय ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आपण घरात सावलीतच ठेवतो. सावली आणि गारवा एक नव्हेत. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि ती संध्याकाळनंतर खोलीत सोडतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या खोलीची सगळ्यात तापलेली वेळ बऱ्याचदा दुपार नसून रात्री नऊ-दहाची असते. पत्र्याचं छप्पर उलट : दुपारी भट्टी, रात्री निवांत. नवापूरच्या पाड्यांवरची कुडाच्या भिंतींची कौलारू घरं या दोन्हींपेक्षा सापाला मानवणारी आहेत. काचेची पेटी खिडकीजवळ असेल तर हा सगळा हिशेब बाद होतो, कारण उन्हाच्या एका तिरिपेनं बंद काच खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापते.

मग माठात ठेवला तर? बत्तीस शिराळ्यात नागपंचमीआधी पकडलेले नाग मडक्यांतच ठेवत. मडकं गार आणि अंधारं असतं हे खरं, पण त्यात सरकायला जागा नाही. साप एकाच तापमानात अडकतो आणि खाल्लेलं पचवायला लागणारी ऊब त्याला मिळत नाही. त्यातून तो काही दिवस तग धरेल, पाळला मात्र जाणार नाही. माठाचा उपयोग वेगळा आहे. पेटीच्या थंड टोकाला लपायला मातीचं भांडं पालथं घालावं आणि वीज गेली की त्यावर ओलं गोणपाट टाकावं. थेट बर्फाचं पाणी सापावर कधीही ओतू नये.

कूलर कोरड्या एप्रिल-मेमध्ये उत्तम काम करतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तो निकामी होतो आणि नवापुरात शहादा-नंदुरबारपेक्षा पाऊस जास्त. भाताच्या या पट्ट्यात पावसाळाभर कूलर लावून ठेवला तर पेटीतला ओलावा साचून सापाच्या पोटाखालचे खवले कुजू लागतात. तेव्हा पावसाळ्यात पेटीला हवा खेळती ठेवणं हाच इलाज. एसी २६-२७ अंशांवर ठेवून थर्मोस्टॅटच्या मॅटनं एक टोक उबदार करणं हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, पण तो विजेवर उभा आहे. तीन-चार तास वीज गेली तर काय करायचं, याचं उत्तर साप आणण्याआधी तयार हवं.

एवढ्यासाठी साप पाळूच नये का, हा शेवटचा आक्षेप. पाळावा की नाही हे तुमची खोली ठरवील. साप घेण्याआधी तीनशे-चारशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि जिथे पेटी ठेवणार तिथे एक अख्खा मे महिना रोज दुपारी तीनला आणि रात्री दहाला आकडा लिहा. एसी किंवा कूलर लावूनही तो २७च्या वर राहत असेल, तर त्या खोलीत थंड टोक तयारच होणार नाही आणि वॅटचा प्रश्न आपोआप मिटेल. आकडा खाली राहिला तर मॅट लहानशीच पुरते. पेटीच्या तळाचा तिसरा हिस्सा झाकला जाईल एवढी घ्या आणि नोव्हेंबरपर्यंत घेतलीत तरी चालेल. पुढच्या भागात नक्की उंदीर : जिवंत का द्यायचा नाही आणि फ्रिजमधला कसा द्यायचा.