टेबललँडवरचा कॅमेरा

पाचगणीच्या टेबललँडवर प्री-वेडिंग शूटला निघालेल्या बॅगेत दोन-तीन लाखांचा ऐवज सहज असतो. त्यासाठी ‘ऑल रिस्क’ पॉलिसी पाहा: चोरी, आग, पडून फुटणे बहुधा तिच्यात येते. प्रत्येक बॉडी-लेन्स सीरियल नंबरासह नोंदवा, धंद्याचा वापर असेल तर तोही लपवू नका. पावसाळ्यात इथल्या धुक्याने लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तिची भरपाई सहसा मिळत नाही, कारण ती हळूहळू झालेली खराबी. तिथे हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्याच खऱ्या. उघड्या गाडीतून बॅग गेली तरी दावा अडतो. कंपनीने तक्रार फेटाळली, तर पुण्यात विमा लोकपाल आहेत. अर्जाला शुल्क नाही.