डोकी मोजली, मतं कुठे गेली?
लोकसंख्या आणि सत्ता : लेखांक ५

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा अल्स्टर प्रांताच्या नऊ जिल्ह्यांपैकी सहाच ब्रिटनकडे राहिले. डोनेगल, कॅव्हन आणि मोनाहन या तीन जिल्ह्यांवर युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी नातं राखू पाहणाऱ्या पुढाऱ्यांनीच पाणी सोडलं. ते घेतले असते तर युनियनवाद्यांचा आधार असलेल्या प्रोटेस्टंटांचं बहुमत काठावर आलं असतं. उरलेल्या सहांत तीन माणसांमागे साधारण दोन प्रोटेस्टंट होते. उत्तर आयर्लंडची हद्दच डोकी मोजून आखली गेली आणि १९७२पर्यंत तिथे सलग एकाच पक्षाने, अल्स्टर युनियनिस्ट पक्षाने, राज्य केलं. लोकसंख्या बदलली की पक्षाचं भवितव्य बदलतं, हा सिद्धान्त कुठे तपासायचाच असेल तर याहून योग्य जागा नाही.

२०२१च्या जनगणनेत तिथे पहिल्यांदाच कॅथलिक घरात वाढलेले लोक ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट घरातले ४३.५ टक्के निघाले. त्याच सुमारास, मे २०२२मध्ये, संयुक्त आयर्लंड हवं म्हणणारा शिन फेन विधानसभेत २७ जागांसह पहिला आला आणि डीयूपी हा सर्वांत मोठा युनियनवादी पक्ष २५वर थांबला. लोकसंख्येने सत्तापालट घडवला, असा अर्थ लगेच काढला गेला. पण आकडे नीट लावले की तो टिकत नाही. २०१७मध्येही शिन फेनच्या जागा २७च होत्या. धाकटा आयरिश राष्ट्रवादी पक्ष एसडीएलपी मात्र १२वरून ८वर घसरला, म्हणजे ज्या निवडणुकीत राष्ट्रवादी जिंकले असं आपण म्हणतो तीत त्यांची एकूण ताकद घटली. डीयूपीची मतं २८वरून २१ टक्क्यांवर आली, ती प्रोटेस्टंट कमी झाले म्हणून नव्हे. पाच वर्षांत मतदार जवळपास तेच होते. ब्रेक्झिटनंतरच्या व्यापारी तडजोडीवर चिडलेले बरेच जण अधिक कडव्या टीयूव्हीकडे गेले आणि त्या पक्षाची मतं जवळपास तिप्पट झाली.

यावर कुणी म्हणेल, पाच वर्षांचं काय घेऊन बसलात, हा प्रवाह पिढ्यांचा आहे. मान्य, म्हणून लांबचा पल्ला घेऊ. १९९८च्या शांतता करारानंतरच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत दोन्ही राष्ट्रवादी पक्षांची मिळून मतं होती ३९.६ टक्के. २०२२मध्ये ती होती ३८.१. चोवीस वर्षांत कॅथलिकांचा वाटा वाढला आणि त्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या पक्षांचा वाटा हललाही नाही. २०११ ते २०२१ या दशकात लोकसंख्येतला प्रोटेस्टंटांचा वाटा जवळपास पाच टक्केबिंदूंनी घटला, कॅथलिकांचा मात्र जेमतेम अर्ध्या टक्केबिंदूने वाढला. कोणत्याही धर्मात न वाढलेल्यांचं प्रमाण ५.६वरून ९.३ टक्क्यांवर गेलं. प्रतिस्पर्ध्याची घट ही आपोआप आपली वाढ होत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या चर्चेत सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते याच गोष्टीकडे. मधली जागा घेतली ती दोन्ही गोटांपासून अंतर राखणाऱ्या अलायन्स पक्षाने. २०२२मध्ये त्याच्या जागा ८वरून १७ झाल्या.

मग लोकसंख्येला काहीच किंमत नाही का? आहे, आणि ती मोठी आहे. नुसत्या आपल्या समाजाच्या एकजुटीवर बहुमत मिळण्याची युनियनवाद्यांची सोय तिने काढून घेतली. २०१७मध्ये विधानसभेतलं त्यांचं बहुमत पहिल्यांदा गेलं. उत्तर बेलफास्टमध्ये २००१पासून खासदार असलेले डीयूपीचे उपनेते नायजेल डॉड्स २०१९मध्ये शिन फेनच्या जॉन फिनुकेन यांच्याकडून सुमारे दोन हजार मतांनी हरले. त्या मतदारसंघाचा तोंडवळा बदलत होता हे खरंच. पण एसडीएलपीने तिथे उमेदवारच दिला नव्हता, हेही तितकंच खरं. लोकसंख्येने जागा हाताच्या अंतरावर आणली, ती पदरात पडली समझोत्यामुळे.

हाच हिशेब पुढे सार्वमतालाही लागू होतो. १९९८च्या त्याच करारानुसार, बहुमत संयुक्त आयर्लंडच्या बाजूने जाईलसं दिसलं तर ब्रिटिश मंत्र्याने सार्वमत घेतलंच पाहिजे. २०२१च्या जनगणनेत ३१.९ टक्के लोकांनी स्वतःला फक्त ब्रिटिश म्हटलं, २९.१ टक्क्यांनी फक्त आयरिश आणि १९.८ टक्क्यांनी फक्त ‘उत्तर आयरिश’. या शेवटच्या गटाचं मत धर्माच्या रकान्यावरून ओळखता येत नाही, आणि सार्वमत झालंच तर दोन्ही बाजूंना त्याच्याच दारी जावं लागेल.