ना अधिक, ना उणे

बालवीराच्या गणवेशावर शिवला जाणारा कापडी बिल्ला ही वस्तू तशी क्षुल्लक. परंतु तो बिल्ला कोणी, कोणत्या कसोटीला उतरून मिळविला, हा प्रश्न मात्र क्षुल्लक नव्हे. नियम आणि न्याय यांच्याशी मुलांची पहिली गाठ पुष्कळदा अशाच ठिकाणी पडते. या दृष्टीने अमेरिकेतील बालवीर संघटनेचा एक नियम शिक्षणाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने लक्षात घेण्यासारखा आहे.

ही संघटना १९१० साली ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ या नावाने स्थापन झाली; २०२५ पासून ती ‘स्काउटिंग अमेरिका’ म्हणून ओळखली जाते. तिच्या १९११ च्या हस्तपुस्तिकेत ५७ विषयांची प्रावीण्यपदके, म्हणजे ‘मेरिट बॅज’, नमूद होती. आज त्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. अशी २१ पदके मिळविणे ही ‘ईगल स्काउट’ या सर्वोच्च श्रेणीची प्रमुख अट. १९१२ साली आर्थर एल्ड्रेड हा या श्रेणीचा पहिला मानकरी ठरला. प्रत्येक पदकाच्या अटी छापलेल्या असतात आणि त्या विषयाचा जाणकार असा संघटनेकडे नोंदलेला मार्गदर्शक त्या तपासून सही करतो. यासंबंधीचा मूलभूत नियम असा की, छापील अटींत कोणीही भर घालू नये आणि त्यांतील एकही वगळू नये. हा अधिकार मार्गदर्शकाला नाही, पथकप्रमुखाला नाही, स्थानिक समितीलाही नाही. ‘करून दाखवा’ असे लिहिले असेल, तर तोंडी वर्णन पुरत नाही. ‘चर्चा करा’ असे लिहिले असेल, तर निबंध मागता येत नाही.

वरवर पाहता हा नियम कारकुनी वाटेल. त्याचा भंग दोन बाजूंनी होतो, हे पाहिले म्हणजे त्यामागील शहाणपण ध्यानात येते.

पहिला भंग सैलपणाचा. शनिवार-रविवारच्या शिबिरांत अनेक मुलांना एकत्र बसवून एखाद-दुसऱ्या दिवसात पदके पदरात टाकण्याचे प्रकार तेथे घडतात आणि त्यावर टीकाही होते. सामुदायिक अध्यापनाला नियमांची हरकत नाही. मात्र प्रत्येक मुलाने प्रत्येक अट स्वतः पूर्ण केली पाहिजे. आर्थिक व्यवहाराच्या पदकासाठी सलग १३ आठवडे जमाखर्च लिहावा लागतो; शरीरस्वास्थ्याच्या पदकासाठी १२ आठवड्यांचा व्यायामक्रम पाळावा लागतो; कुटुंबजीवनाच्या पदकासाठी घरातील ठरलेली कामे ९० दिवस करावी लागतात. हे दोन दिवसांत होणे नाही. जे शिबिरात झाले तेवढ्याचीच नोंद करून उरलेले पुढे पूर्ण करण्याची सोय नियमांत आहेच. तरीही पूर्ण सही दिली जाते, तेव्हा तेरा आठवडे वही लिहिणाऱ्या मुलाच्या श्रमाचे मोल कमी होते. ज्याला फुकटचे पदक मिळाले त्याची हानी याहून मोठी. कारण सही श्रमावाचूनही मिळते, हा धडा तो वडीलधाऱ्यांकडूनच शिकतो.

दुसरा भंग कडकपणाचा, आणि तो गुणवत्तेच्या नावाखाली होत असल्याने सहसा खपून जातो. ‘माझ्या हाताखाली पदक इतके स्वस्त नाही,’ अशा अभिमानाने एखादा मार्गदर्शक जादा प्रकल्प सांगतो किंवा नियमात नसलेली लेखी उत्तरपत्रिका सक्तीची करतो. हेतू चांगला असेल. परिणाम मात्र अन्यायाचा. एका गावातील मुलाला जे आठ अटींत मिळते, ते शेजारच्या गावातील मुलाला दहा अटींत मिळावे, याचे समर्थन कसे करणार? ईगल श्रेणीच्या अटी वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच पुऱ्या कराव्या लागतात. तेव्हा अशा जादा अटींत गेलेले महिने त्या मुलाला कोणी परत देऊ शकत नाही. मोठ्या माणसाशी वाद घालण्याचे बळ मुलाजवळ नसते. छापील नियम हीच त्याची एकमेव ढाल.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. या चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनीच असे प्रतिपादिले होते की, पदकाची कसोटी प्रावीण्याच्या ठरावीक पातळीवर नसून मुलाने केलेल्या प्रयत्नावर असावी. मग सर्वांना एकच माप लावणे हा न्याय कसा? नदीकाठी वाढलेल्या मुलाला पोहण्याचे पदक सहजसाध्य; पायाने अधू असलेल्या मुलाला ते डोंगराएवढे. आक्षेपात तथ्य आहे, आणि अमेरिकन संघटनेने त्याला दिलेले उत्तर मननीय आहे. अपंगत्व असलेल्या मुलासाठी पदकाच्या अटी शिथिल केल्या जात नाहीत. मात्र ईगल श्रेणीसाठी आवश्यक असलेले एखादे पदक त्याच्या आवाक्याबाहेरचे असेल, तर रीतसर अर्ज व मंजुरी यांनंतर त्याऐवजी दुसरे पदक घेता येते. सवलत उघड असते, लेखी असते आणि आधी मागितलेली असते. दयाबुद्धीने गुपचूप केलेली सही आणि ही सवलत यांत मोठे अंतर आहे: पहिलीत मुलाला कमी लेखले जाते, दुसरीत त्याला समान मानून वेगळी वाट दिली जाते.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. अमेरिकेत ईगल श्रेणी मिळविलेल्या तरुणाला सैन्यभरतीत वरची वेतनश्रेणी मिळू शकते. आपल्याकडेही १९५० साली स्थापन झालेल्या ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ची पदके व पुरस्कार आहेत, आणि महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षांत पुरस्कारप्राप्त विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण देण्याची तरतूद झालेली आहे. पदकाला लाभ जोडला गेला की सहीवरचा दाब वाढतो. प्रात्यक्षिकांच्या वह्या आणि अंतर्गत गुण यांचा अनुभव असलेल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. शाळेचे नाव, पालकांचा आग्रह, मुलाविषयीची माया अशी सारी कारणे सही करणाऱ्याच्या हाताशी असतात, आणि त्यांतले प्रत्येक त्या क्षणी पुरेसे वाटते.

म्हणून जबाबदारीचा खरा भार मुलावर नाही, सही करणाऱ्यावर आहे. बालवीराच्या नियमावलीत, अमेरिकेत काय आणि भारतात काय, पहिला नियम विश्वासार्हतेचा आहे. तो मुलांकडून पाठ करून घेणाऱ्या प्रौढांनी आपली लेखणी उचलताना एवढेच पाहावे की, या अटी या मुलाने खरोखर पुऱ्या केल्या आहेत काय. केल्या असतील, तर सही अडवून ठेवू नये. केल्या नसतील, तर ती देऊ नये. मुलांना न्याय शिकविण्याचा याहून सोपा मार्ग नाही आणि याहून अवघडही नाही.