पाठांतराऐवजी कासव: आयआयटीचे अभिराम रानडे सी++ ची सुरुवात चित्रापासून का करतात?

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरमधून मराठी माध्यमात शिकलेला एखादा विद्यार्थी इंजिनिअरिंगला जातो. प्रोग्रामिंगच्या पहिल्या तासाला ‘हॅलो वर्ल्ड’ छापायचं असतं. त्यासाठी चार-पाच ओळी लिहाव्या लागतात, आणि बहुतेक ओळींबद्दल एकच उत्तर मिळतं, “आत्ता पाठ करा, अर्थ नंतर कळेल.”

घरी कॉम्प्युटर असलेल्या मुलांचं यात निभावतं. पहिल्यांदाच कीबोर्ड हाताळणाऱ्याला मात्र वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच. पहिल्याच तासाला बसणारी ही भीती टाळता येते का? आयआयटी मुंबईतल्या अभिराम रानडे यांचं काम याच प्रश्नाचं एक उत्तर आहे.

कोण आहेत अभिराम रानडे?

रानडे मूळचे अल्गोरिदमचे अभ्यासक. येल विद्यापीठातून पीएच.डी., काही काळ बर्कलेला अध्यापन आणि मग आयआयटी मुंबईचा संगणकशास्त्र विभाग, असा त्यांचा प्रवास. अनेक प्रोसेसरनी एकत्र काम करताना मेमरी कशी वाटून घ्यावी, यावरचा त्यांचा 1987 चा शोधनिबंध या विषयात आजही परिचित आहे.

पण नवख्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलं ते त्यांचं दुसरं काम: ‘सिंपलसीपीपी’ ही सी++ साठीची मोफत लायब्ररी आणि तिच्यावर आधारलेलं ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू प्रोग्रामिंग थ्रू सी++’ हे पुस्तक.

यात कासव कुठून आलं?

कल्पना जुनी आहे. 1967 मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पुढे त्यात कासव आलं. ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ असं सांगितलं की ते चालायचं आणि मागे रेघ उमटायची. अडलं तर मुलं स्वतः कासव होऊन चालून बघायची.

लोगो लहान मुलांची समजली गेली. रानडेंनी तेच कासव इंजिनिअरिंगच्या वर्गात, थेट सी++ मध्ये आणलं.

पहिल्या तासाला काय होतं?

चौकोन काढायचा आहे. विद्यार्थी लिहितो: चार वेळा ‘रिपीट’ कर, दरवेळी 100 पावलं पुढे जा आणि 90 अंश उजवीकडे वळ. स्क्रीनवर चौकोन तयार.

आता अष्टकोन काढायचा तर? पूर्ण फेरी 360 अंशांची, बाजू आठ, म्हणजे दरवेळी 45 अंश वळायचं. बाजू 360 केल्या, पावलं लहान केली आणि दरवेळी एकच अंश वळलं, तर डोळ्यांना वर्तुळच दिसतं. शाळेतली भूमिती इथे कामाला येते. चुकलं तर चूकही डोळ्यांसमोर दिसते, कारण चित्र वाकडं येतं.

महत्त्वाची गोष्ट ‘रिपीट’मध्ये आहे. एरवी सी++ मध्ये ‘फॉर’ लूप लिहायला व्हेरिएबल, सुरुवातीची किंमत, अट आणि वाढ एवढं सगळं आधी समजावं लागतं. म्हणून लूप काही आठवड्यांनी शिकवला जातो. इथे ‘तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं’ ही प्रोग्रामिंगमधली मूळ ताकद पहिल्याच दिवशी हातात येते.

लघु-गुरूचा कॉम्प्युटरशी काय संबंध?

पुढचे अवघड विषयही रानडे ओळखीच्या गोष्टींतून मांडतात. रिकर्जन, म्हणजे मोठा प्रश्न त्याच प्रकारच्या लहान प्रश्नांत मोडणं, समजावताना ते छंदशास्त्रकार विरहांक यांचं उदाहरण घेतात.

लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांच्या किती रचना होतील? शेवटी लघु असेल तर आधी तीन मात्रा उरतात, त्यांच्या तीन रचना. शेवटी गुरू असेल तर दोन मात्रा उरतात, त्यांच्या दोन. एकूण पाच. जगात ‘फिबोनाची’ नावाने ओळखली जाणारी मालिका हीच. फिबोनाचीचा ग्रंथ 1202 चा. विरहांक त्याच्या काही शतकं आधीचे. मराठी व्याकरणात वृत्तं शिकलेल्या विद्यार्थ्याला यातला अर्धा भाग आधीच माहीत असतो!

मग अडचण कुठे आहे?

‘रिपीट’ ही मूळ सी++ मधली आज्ञा नाही, ती लायब्ररीतून येते. परीक्षेत आणि नोकरीत चालतं ते प्रमाण सी++. त्यामुळे ही कुबडी वेळेवर सोडावीच लागते. रानडेंच्या पुस्तकातही पुढे ‘फॉर’, ‘व्हाइल’ आणि भाषेचे सगळे नेहमीचे भाग येतातच.

दुसरी अडचण भाषेची. पुस्तक इंग्रजीत आहे. एनपीटीईएलवरची रानडेंची व्याख्यानं मोफत ऐकता येतात, पण तीही इंग्रजीतच. मराठीतून सुरुवात करायची असेल, तर आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सी आणि सी++ चे छोटे धडे मराठी आवाजात आहेत. सी++ च्या त्या धड्यांत कासव मात्र नाही.

तरी पहिला धडा गिरवायला फुलचूरमधल्या मुलाला कॉम्प्युटरही लागत नाही. अंगणात चार पावलं पुढे, उजवीकडे काटकोनात वळण, आणि हेच चार वेळा. जिथून निघालात तिथेच परत आलात, तर पहिला प्रोग्राम बरोबर चालला.